उलट्या चिन्हाची कबुली

२२ डिसेंबर २००६ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात एक छोटे पत्र छापून आले. अमेरिकेतील ला होया येथील स्क्रिप्स संशोधन संस्थेतले जेफ्री चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आपले तीन शोधनिबंध मागे घेतले. त्याच चुकीपायी अन्य नियतकालिकांतले आणखी दोन निबंध बाद झाले. असे माघारपत्र हा समीक्षेचा विषय होऊ शकतो का? माझ्या मते व्हायला हवा. कबुलीजबाबातल्या वाक्यांत कर्त्याच्या जागी कोणाला बसवले आहे, यावर पुढच्यांनी घ्यायचा धडा ठरतो.

आधी प्रकरण पाहू. एमएसबीए हे जिवाणूच्या आतल्या पटलातले प्रथिन मेदयुक्त रेणू पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेते. त्याच्या कुळातली काही प्रथिने कर्करोगाच्या पेशींतून औषध बाहेर फेकतात. त्यामुळे २००१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा तिला मोठे महत्त्व आले. तिच्याशी न जुळणारे प्रयोग काहींच्या हाती होते, पण छापील चित्राचे वजन जास्त ठरले. २००६ मध्ये झुरिकच्या डॉसन आणि लोकर यांनी त्याच कुळातल्या सॅव्ह१८६६ ची रचना मांडली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तर मेळ बसेना.

चूक कुठे होती? स्फटिकावर क्ष-किरण सोडले की हजारो ठिपके मिळतात. प्रत्येक ठिपक्याला एक जोडीदार असतो. जड अणूंमुळे या दोघांच्या तीव्रतेत किंचित फरक पडतो, आणि हाती आलेला नकाशा खरा की त्याचे आरशातले प्रतिबिंब, हे त्या फरकाच्या चिन्हावर अवलंबून असते. चँग यांच्या प्रयोगशाळेतल्या एका घरगुती प्रोग्रामने आकड्यांचे रूपांतर करताना जोडीदारांच्या जागा बदलल्या. अधिकचे उणे झाले आणि नकाशा उलटा निघाला. जुन्या छापखान्यातला जुळारी उलटे खिळेच हाताळी, पण ते उलटे आहेत हे त्याला ठाऊक असे. इथे ते कोणालाच ठाऊक नव्हते. प्रथिनांतले सर्पिल उजव्या वळणाचे असतात. उलट्या नकाशात ते डावे दिसायला हवेत. परंतु ४.५ अँगस्ट्रॉम इतक्या धूसर नकाशात सर्पिल म्हणजे नुसती दांडी. वळण दिसणार कसे?

आता पत्राकडे वळू. ते प्रामाणिक आहे. रचनांवरून काढलेले जैविक निष्कर्ष टिकत नाहीत, हे ते आडपडदा न ठेवता सांगते आणि इतरांचे श्रम वाया गेल्याबद्दल खेदही व्यक्त करते. पण त्याचा मुख्य भार ‘प्रोग्रामने चिन्ह बदलले’ या विधानावर आहे. प्रोग्राम काही निबंधाखाली सही करत नाही.

खरे महत्त्वाचे वाक्य पुढे ओझरते येते: एकाच वेळी अनेक प्रतिकृती घेऊन केलेल्या सुधारणेमुळे चुकीच्या रचनांनाही बऱ्यापैकी आकडे मिळाले. माझ्या मते पत्राचा गाभा हाच असायला हवा होता. चिन्ह उलटणे हा अपघात होता. चुकीचे प्रतिमान परीक्षेत उत्तीर्ण होणे, हा मात्र पद्धतीचा प्रश्न आहे. मोजमापे थोडी आणि प्रतिमानाला मोकळीक फार असली की काहीही जुळवून घेता येते. याच धोक्यासाठी ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये काही मोजमापे बाजूला ठेवून त्यांच्यावर प्रतिमान तपासण्याची रीत सुचवली. पण तो आकडाही अखेर माणसानेच वाचायचा असतो.

२००८ पासून प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहात मोजमापे देणे सक्तीचे झाले. हे चांगलेच झाले. तरी तिथे पोहोचतात ती बहुधा संस्कार झालेली मोजमापे. मधल्या घरगुती प्रोग्रामचा त्यांत मागमूस नसतो. उपाय साधा आहे: रचना आणि वळण पक्के ठाऊक असलेल्या प्रथिनाची मोजमापे आधी त्या प्रोग्राममधून काढावीत आणि मगच त्याला अनोळखी प्रथिनाजवळ जाऊ द्यावे.

२००७ मध्ये चँग यांच्याच गटाने एमएसबीएच्या दुरुस्त रचना प्रसिद्ध केल्या. म्हणजे दुरुस्ती त्यांच्या आवाक्यात होती. माघारपत्रात मात्र ‘हा प्रोग्राम आम्ही ज्ञात रचनेवर कधी तपासला होता का?’ या प्रश्नाचे उत्तर वाचकाला हवे होते. त्या एका ओळीने पत्र प्रामाणिक तर राहिलेच असते, शिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेत बसलेल्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडले असते.