सीझरचे पाच देव

ज्युलिअस सीझरने गॉलवरील, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्समधील, आपल्या स्वाऱ्यांचा वृत्तांत लिहिला. त्या लॅटिन गद्याची थोरवी सर्वमान्य आहे. तरीही त्याच्या सहाव्या भागातील सतरावे प्रकरण मला नेहमीच खटकत आले आहे. गॉल लोकांचे देव कोणते, हे सीझर तेथे चार-सहा ओळींत उरकतो. सर्वांत मोठा मर्क्युरी. तो सर्व कलांचा जनक, वाटसरूंचा वाटाड्या, व्यापारात बरकत देणारा. मग रोग घालवणारा अपोलो, युद्धाचा मार्स, आकाशाचा धनी ज्युपिटर आणि हस्तकौशल्ये शिकवणारी मिनर्व्हा. पाच नावे, पाचही रोमन. गॉल माणूस आपल्या देवाला कोणत्या नावाने हाक मारी, याचा येथे पत्ताच नाही.

सीझर खोटे लिहितो असे मला म्हणायचे नाही. परक्या देवाला आपल्या देवाचे नाव देण्याची रोमनांची रीतच होती, आणि त्याचा वाचकही रोममधला. पण ही नोंद अंमलदाराची आहे. रकाने आधी आखले, देव मागाहून भरले.

दगड वेगळी साक्ष देतात. १७११ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या पोटात एका खांबाचे तुकडे सापडले. सेन नदीवरील नावाड्यांच्या संघाने सम्राट टायबेरियसच्या काळात (इ.स. १४ ते ३७) तो ज्युपिटरला अर्पण केला होता. त्यावर ज्युपिटर व व्हल्कन आहेत; आणि त्यांच्याच पंक्तीला झाड तोडणारा एसुस, तीन क्रौंच पक्षी बसलेला बैल आणि डोक्यावर शिंगे असलेला केर्नुन्नोस. अक्षरे रोमन, देव दोन्हीकडचे. हा केर्नुन्नोस सीझरच्या कोणत्या रकान्यात बसवावा?

पहिल्या शतकातील कवी ल्यूकन याने तेउतातेस, एसुस आणि तारानिस अशी तीन नावे दिली आहेत. त्याच्या काव्यावरील मध्ययुगीन टिपांत मोठी गंमत आहे. एके ठिकाणी तेउतातेस म्हणजे मर्क्युरी, दुसऱ्या ठिकाणी तोच मार्स! तेउतातेस या नावाचा अर्थ अभ्यासक ‘जमातीचा देव’ असा लावतात. जमातीचा देव म्हटला की धान्य, गुरे, लढाई, आजार, सारे त्याच्याच माथी; तो एका खात्याचा मंत्री कसा होईल?

शिलालेखांतून केल्टिक देवतांची तीनशेंहून अधिक नावे हाती आली आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकेकदाच आढळतात. सेनच्या उगमाशी सेक्वाना देवी; तिला वाहिलेले लाकडी हात, पाय, डोळे तेथे सापडले आहेत. नवस म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ऱ्हाईनच्या काठी तीन-तीन बसलेल्या मातृका आहेत. त्यांची उपनावे गावागणिक बदलतात आणि त्यांना केल्टिक म्हणावे की जर्मानिक, हेही पुष्कळदा ठरत नाही. इंग्लंडमधील बाथच्या उष्ण झऱ्यावरील देवी रोमन अमलात ‘सुलिस मिनर्व्हा’ झाली. झगा चोरीला गेला की लोक शिशाच्या पत्र्यावर तक्रार लिहून तिच्या झऱ्यात टाकीत. असे सुमारे १३० पत्रे मिळाले आहेत. या जोडनावात सुलिस पुढे आहे, मिनर्व्हा मागे. सौंदत्तीच्या डोंगरावर एकाच देवीला यल्लम्मा आणि रेणुका अशा दोन्ही नावांनी हाका मारताना ऐकणाऱ्या आपणां लोकांना त्यात काही नवल वाटू नये.

माझी खरी तक्रार सीझरपेक्षा अलीकडच्या ‘केल्टिक पुराणकथां’च्या पुस्तकांविषयी आहे. त्यांत आयर्लंडचे दाग्दा, मॉरिगन आणि लुग यांना पॅरिसच्या केर्नुन्नोसच्या मांडीला मांडी लावून बसवतात आणि एक वंशवृक्ष काढून देतात. आयर्लंड रोमच्या अमलाखाली कधी आलेच नाही. तेथील कथा ख्रिस्ती मठांतील लेखकांनी लिहून ठेवल्या, आणि आज हाती असलेली त्यांची मोठी हस्तलिखिते साधारण बाराव्या शतकापासून पुढची आहेत. नावाड्यांच्या खांबानंतर हजार वर्षांनी! भाषा एका कुळातल्या आहेत म्हणून देवघरही एकच होते, असे गृहीत कसे धरावे?

धागे मुळीच जुळत नाहीत असेही नाही. लुगचे नाव लियाँ शहराच्या ‘लुग्दुनुम’ या प्राचीन नावात दडले आहे, असे बहुतेकांचे मत आहे. स्पेनमध्ये ओस्मा येथे मोच्यांच्या संघाने त्याच नावाच्या देवतांना अर्पण केलेला लेखही मिळाला आहे. देवतांना, असे मी मुद्दाम लिहिले. आयर्लंडच्या कथांत लुग एकच आहे. ओस्माच्या मोच्यांनी ते नाव अनेकवचनात कोरले आहे.