मागणीचे अर्धपुतळे

नगरभवनांत, वाचनालयांत व शाळांच्या प्रवेशद्वारीं थोर पुरुषांचे अर्धपुतळे बसविण्याची प्रथा आपल्याकडे आतां चांगलीच रुळली आहे. अनावरण थाटानें होतें, भाषणें होतात, हार पडतात. परंतु त्यानंतर त्या पुतळ्याकडे मूर्ति म्हणून कोणी पाहतो काय, याची आम्हांस शंका आहे. पाहणारा प्रथम पगडी ओळखतो, मग मिशा, मग उपरणें. पगडी उतरवून ठेविली तर खालीं कोण उरेल, असें विचारल्यास पुष्कळ पुतळ्यांच्या बाबतींत ‘कोणीही’ हेंच उत्तर द्यावें लागेल.

दोष शिल्पकाराचा म्हणावा, तर त्याच्या हातीं काय दिलें जातें तेंही पाहावें. पुतळ्याची आठवण आपणांस बहुधा मनुष्य गेल्यावर होते. मग समिति नेमली जाते, वर्गणी जमते, आणि शिल्पकारापुढें एक पिवळें पडलेलें छायाचित्र ठेवण्यांत येतें. छायाचित्रास एकच बाजू असते. कानामागून मान कशी उतरते, जबड्याचें हाड गळ्याशीं कोठें मिळतें, डोक्याचा मागील घेर केवढा, यांपैकीं कशाचाही पत्ता त्यांत लागत नाहीं. आणि मातीस तर साऱ्याच बाजू हव्या असतात. जें दिसलें नाहीं तें शिल्पकार आपल्या संवयीनें भरून काढतो. म्हणूनच एका हाताचे दहा पुतळे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसतात.

या बाबतींत फ्रेंच शिल्पकार ऊदों याचा हट्ट आम्हांस मोलाचा वाटतो. १७८४ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानाच्या विधिमंडळानें जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा करविण्याचें ठरविलें, व कारागिरास वॉशिंग्टनची आकृति कळावी म्हणून चित्रकार पील याजकडून एक पूर्णाकृति चित्रही काढविलें. ऊदोंस तेवढ्यानें समाधान नव्हतें. १७८५ सालीं अटलांटिक ओलांडून तो वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील घरीं गेला, तेथें राहिला, मापें घेतलीं, चेहऱ्यावर प्लास्टरचा लेप देऊन साचा काढिला आणि मातीचा अर्धपुतळा घडविला. तो पुतळा आजही त्याच घराच्या संग्रहांत आहे. खांद्यांवर वस्त्र नाहीं, छातीवर पदकें नाहींत. सांगावयाचें तें चेहराच सांगतो.

डोळ्यांची गोष्ट तर सर्वांत अवघड. दगडास बुबुळाचा काळेपणा नसतो. खोदून, सावलीनें तो उत्पन्न करावा लागतो. ऊदों बुबुळ खोल कोरीत असे, पण त्यांत दगडाचा बारीकसा कण शिल्लक ठेवी. त्यावर उजेड पडला कीं डोळा जिवंत झाल्याचा भास होई. आपल्याकडील कित्येक पुतळ्यांत डोळ्यांपेक्षां चष्म्याच्या काड्यांवरच अधिक मेहनत झालेली आढळते!

समक्ष बैठकी मिळाल्या म्हणजे सर्व साधलें, असेंही नव्हे. १९११ च्या सुमारास रोदँनें मागणीवरून फ्रेंच मुत्सद्दी क्लेमांसो याचा अर्धपुतळा हातीं घेतला, मातीचे एकामागून एक नमुने केले, आणि झालेलें काम क्लेमांसोस मुळींच रुचलें नाहीं. यांत नवल नाहीं. मनुष्य आपला चेहरा आरशांत, म्हणजे उलटा पाहतो, आणि बाजूनें तर जवळजवळ कधींच पाहत नाहीं. कुटुंबीयांचें म्हणाल तर त्यांस वडिलांच्या कपाळावरील आठी नको असते. तशी सूचना नम्रपणें येते, पैशांचा शेवटचा हप्ता यावयाचा असतो, आणि आठी पुसली जाते.

गणपतराव म्हात्रे यांनीं विद्यार्थिदशेंत, १८९६ च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ घडविली. ती कोणा समितीनें सांगितलेली नव्हती. देवदर्शनास निघालेल्या त्या तरुणीच्या लुगड्याच्या चुण्या नुसत्या चुण्या नाहींत, त्यांतून चालणारें पाऊल कळतें. पुढें त्यांचा चरितार्थ मुख्यतः राजे, न्यायाधीश व पुढारी यांच्या पुतळ्यांवर चालला. मुंबईंतील न्यायमूर्ति रानड्यांचा पुतळा त्यांचाच. त्या कामांतील सफाई कोणी नाकारणार नाहीं. तथापि पहिल्या मूर्तींतील तो जीव मागणीच्या कामांत आम्हांस क्वचितच भेटतो. १९४७ सालीं ते वारले. मधल्या अर्धशतकांत किती माणसें त्यांच्यापुढें खरोखर येऊन बसलीं, आणि किती केवळ चौकटींतून आलीं, हें कोणी शोधून लिहील तर त्यांच्या कलेची परीक्षा अधिक न्यायानें करतां येईल.