सुवार्ता सर्वांना, पण 'सर्व' म्हणजे कोण?

माझी आत्या ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. नाताळाला आम्ही पोरं तिच्याकडं जायचो. पाळकसाहेब सांगायचे, ही सुवार्ता साऱ्या जगासाठी आहे, ती प्रत्येकाला सांगणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य. आत्या मान डोलवायची. एकदा मी विचारलं, "आत्या, पाटलाच्या वाड्यात सांगितली का गं कुणी?" ती म्हणाली, "सांगून बघितली बाबा. त्यो म्हनला, म्हारांचा देव आमाला नको."

मित्रांनो, आत्याच्या त्या एका वाक्यावर मी आज लिहितोय.

आधी द्यायचं ते माप देऊ. मत्तयाच्या शेवटी येशू शिष्यांना आज्ञा करतो, की जा आणि सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. त्यात कुणाला वगळलेलं नाही. आता आपल्याकडचं गौतम धर्मसूत्र घ्या. शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, असं ते सांगतं. एक ग्रंथ कान शोधत दारोदार फिरतो, दुसरा कान बुजवतो. हा फरक ज्याला दिसत नाही, त्यानं धर्मांतरावर तोंड उघडू नये.

या कर्तव्यापोटीच मिशनऱ्यांनी मराठीत छापखाना आणला. १८११ साली श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार छापला. १८३१ मध्ये अमेरिकन मिशन अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) बसलं. १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघालं. पत्र निघालं सुवार्ता सांगायला. पण १८५५ साली त्याच 'ज्ञानोदया'त एक निबंध आला, मांग-महारांच्या दुःखावरचा. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर.

हा निबंध मी पुन्हापुन्हा वाचतो. मुक्ता बाप्तिस्मा मागत नाही. ती सरळ देवालाच जाब विचारते, की वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता ते सांग. पेशवाईत आमच्या माणसांना इमारतींच्या पायात गाडत, आमच्या बाया छपराविना बाळंत होत, हे ती मांडते. जिला ऐकवायचं, तीच बोलायला लागली! माझ्या मते त्या पत्रातली सगळ्यात मोठी सुवार्ता हीच. आणि ती मिशनऱ्यानं सांगितलेली नाही, छापलेली आहे.

दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून प्राध्यापक तिचं नाव घेतात. विधवांचं दुःख आणि ख्रिस्ती धर्मातली सुटका, हा तिचा गाभा. दुःख खरं आहे, नाकारत नाही. पण कुणाच्या विधवा? केशवपन आणि पुनर्विवाहबंदी ही वरच्या जातींची रीत. आमच्यात पाट लागायचा. आमच्या बाईचं दुःख वेगळंच होतं. ते उपाशीपणाचं, येसकरकीचं, पाण्याच्या घागरीचं होतं. कादंबरीतल्या 'सर्वां'त ती बाई बसत नाही. मुक्ता समोर छापलेली असताना बसत नाही! लेखक जात सोडून ख्रिस्ती होतो, पण त्याची नजर जुन्याच आळीत फिरते.

बाबासाहेबांनी हेच नेमकं पकडलं. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचं आणि धर्मांतरिताच्या स्थितीवरचं त्यांचं लेखन १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आलं. मिशनरी आधी ब्राह्मणामागं धावला. त्याच्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा फायदा जास्त करून सवर्णांनीच उचलला. जात चर्चमध्ये शिरली. आणि माणसाच्या दुर्दशेचं कारण त्याच्या पापात शोधणारी शिकवण त्याला व्यवस्थेशी भांडायला उठवत नाही. बाबासाहेबांचं हे बोट वर्मावर आहे. पोटात भूक असलेल्याला तू पापी आहेस सांगणं ही सुवार्ता कसली?

पुढं राज्यानं आणखी एक पाचर मारली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानं हिंदूंपलीकडच्यांना यादीबाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. म्हणजे पाटील आत्याला म्हार म्हणतो आणि सरकार म्हणतं, तू म्हार नाहीस. सुवार्ता ऐकल्याची किंमत ऐकणाऱ्यानंच भरायची.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'सर्वांना सांगा' ही आज्ञा अर्धी आहे. सांगणारा ज्याला सांगतो त्याच्या ताटात जेवतो का, त्याच्यासाठी पाटलाशी भांडतो का, आणि शेवटी त्याचं ऐकतो का, यावर तिची परीक्षा.

आणि कार्यकर्त्यांनो, हीच काठी आपल्या पाठीवरही घ्या. बुद्धानंही भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगाव पाठवलं होतं. १९५६ ला आपण दीक्षा घेतली. मुक्ताच्या मांगवाड्यात आपण किती वेळा गेलो? गेलो तेव्हा भाषण ठोकून परतलो, की चहा पिऊन दोन तास ऐकत बसलो? आपला बुद्ध 'म्हारांचा देव' म्हणून एका वाड्यात अडकला असेल, तर पाटलाइतकाच दोष आपलाही आहे.

आत्या आता नाही. तिच्या बायबलात मला एक कागद मिळाला. पेन्सिलीनं लिहिलेली नावं होती, कुणाकुणाला सुवार्ता सांगितली त्यांची. यादीत पाटलाचं नाव होतं. त्याच्यापुढं फुली नव्हती. जागा कोरी ठेवली होती.