ठसा पाहावा की सांधा?

जुने घर बंद करावयाची वेळ आली की आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : "यातले विलायती सामान कोणते?" घर अलिबाग-पेणकडले असो की भायखळ्याची खोली असो, भाऊबंद इस्राएल, इंग्लंड, कॅनडा असे पांगलेले, सगळे सामान नेणे कोणालाच शक्य नसते. मग ज्यावर इंग्रजी कंपनीचे नाव सापडते ते जपून ठेवले जाते आणि बाकीचे जुन्या बाजारवाल्याच्या हातगाडीवर चढते. ही कसोटी कितपत खरी, हे येथे तपासावयाचे आहे. नमुन्यादाखल घेऊ मुंबईकरांच्या ओळखीची एक कंपनी, आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स.

१८७१ साली लंडनमध्ये काही लष्करी व नौदल अधिकाऱ्यांनी मिळून ही सहकारी संस्था काढली. मूळ हेतू साधा : दारूच्या पेट्या एकत्र घ्याव्यात म्हणजे स्वस्त पडतील. पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील दुकानात किराण्यापासून तंबूपर्यंत सारे मिळू लागले. १८९१ मध्ये मुंबईची शाखा निघाली, १९०१ मध्ये कलकत्त्याची. काळ्या घोड्याजवळ, डेव्हिड ससून वाचनालयाला लागून असलेली तिची इमारत आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणूनच ओळखली जाते. १९०७ सालची तिची जाडजूड मालसूची १९६९ मध्ये इंग्लंडात पुन्हा छापली गेली. एका साहेबाच्या संसाराला किती वस्तू लागत, याचा तो दस्तऐवजच म्हणावा लागेल. १९७३ मध्ये कंपनी हाउस ऑफ फ्रेझरकडे गेली आणि २००५ मध्ये तिच्या दुकानांवरील जुने नावही उतरले. सामानावरील ठसा मात्र राहिला, आणि लिलावात त्याचे पैसे मिळतात.

आता प्रत्यक्ष सामान पाहू. या जातीच्या फर्निचरमध्ये सर्वांत नावाजलेली ती लष्करी खणांची पेटी. ती एकसंध दिसते, पण असते दोन भागांची. वरचा भाग उचलून खालच्यापासून वेगळा करता येतो. पाय मळसूत्राने बसविलेले, फिरवले की निघतात. कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या लाकडात खोल बसवून वरून सपाट केलेल्या. खणांच्या कड्याही आत दबलेल्या, म्हणजे दोरखंड अडकणार नाही आणि शेजारचे सामान खरवडणार नाही. लाकूड बहुधा साग, महोगनी किंवा कापराचे. सागाला वाळवी सहसा लागत नाही, कापराच्या वासाने कसर दूर राहते. यात शोभेसाठी म्हणून काहीच केलेले नाही, तरीही पेटी देखणी दिसते. प्रत्येक भाग आपले काम करतो आणि त्यातूनच तिला रूप येते. ही खरी कारागिरी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसरा नमुना रुरकीच्या खुर्चीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या छावणीवरून तिला हे नाव पडले. चार कातीव पाय, चार दांड्या, कॅनव्हासची बैठक आणि कातडी पट्टे. सरस नाही, खिळा नाही. सांधे निमुळते, माणूस बसला की त्याच्याच वजनाने ते घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये याच धर्तीवर आपली सफारी खुर्ची तयार केली व ती जगभर गाजली. मूळ खुर्ची मात्र कोणा एका सुताराच्या नावाने ओळखली जात नाही. ती गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि याचे कोणाला फारसे वैषम्यही वाटत नाही.

येथेच माझा आक्षेप सुरू होतो. खणात "आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल., मेकर्स" असा ठसा दिसला की आपण समाधान पावतो. पण कंपनी काही माल स्वतःच्या कारखान्यात बनवी आणि पुष्कळसा इतरांचा घेऊन विकी. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या दुकानांची हीच रीत होती. ठसा दुकानाचा, हात दुसऱ्याचा. शिवाय अशा पेट्या हाँगकाँग-कँटनच्या चिनी सुतारांनी केल्या आणि आपल्याकडील सुतारांनीही केल्या. कुलपावर ब्रामाचे नाव असले तर ते कुलूपवाल्याचे. पेटी त्याने केली असे त्यावरून ठरत नाही. उलट विसाव्या शतकात इंग्लंडात या पेट्यांच्या नकला निघाल्या, त्यांवर पितळी कोपरे आहेत, पण कित्येकींचे दोन भाग वेगळे होतच नाहीत. ज्या कोपऱ्याला कधी धक्का बसणार नाही त्याला पितळ कशाला? असे सामान लष्करी दिसते, परंतु लष्करी नव्हे.

आणि हे सामान हलके करावयाचे कोणासाठी? साहेबाने पेटी स्वतः उचलली असे क्वचितच घडले असेल. दोन भाग केले ते बैलाच्या, उंटाच्या नाहीतर हमालाच्या पाठीसाठी. आपल्या समाजातील कितीतरी पुरुष मुंबईच्या पलटणींत होते, सुभेदार-जमादार झाले. त्यांनी हे सामान छावणीत रोज पाहिले. मुंबईत आलेल्या आपल्या माणसांत सुतार आणि गवंडीही बरेच होते. त्यांच्या हातचे कपाट किंवा पाळणा घरात असेल, तर त्यावर नाव कोठून सापडणार?

वस्तूची किंमत ठशाबाहेरही असते, याचा एक दाखला माझ्या आताच्या वस्तीजवळच आहे. मी राहतो सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा या गावातूनच पुढे सरकल्या आणि १५ तारखेला, येथून जवळच असलेल्या फोर्ड मोटार कारखान्यात, जनरल पर्सिव्हल यांनी यामाशितांपुढे शरणागती लिहून दिली. ज्या टेबलावर सही झाली ते आज कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहे. हजारो हिंदी सैनिकांचे नशीब त्या सहीने ठरले. ते टेबल कोणत्या दुकानाचे, असे तेथे जाऊन कोणी विचारीत नाही. त्यावर काय घडले, हेच विचारतात.

आपल्या घरातील टेबलांवर इतिहास घडला नसेल. पण शुक्रवारी त्यांवर दिवे लागले, मलिद्याची ताटे मांडली गेली, पोरांनी अभ्यास केला. म्हणून विनंती इतकीच की सामानाची वाटणी करताना आधी ठसा शोधू नये. खण बाहेर काढून उलटा करावा, सांधे पाहावेत, मागची फळी पाहावी. सांधा घट्ट आणि लाकूड अस्सल असेल तर ते सामान चांगले, मग ते लंडनचे असो की रेवदंड्याचे. जुने पॉलिश खरवडून नवे करू नये. त्याने वस्तूचे वय जाते आणि भावही जातो. कोणी केले, कोणी वापरले, हे घरातील वडील माणसाला विचारून कागदावर लिहून तो कागद खणात चिकटवावा. आपल्या सामानाला तोच ठसा.

एक व्यवहाराची गोष्टही लक्षात असू द्यावी. भारताच्या १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कारागिरीचा नमुना ठरणारी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईच्या शाखेच्या पहिल्या वर्षांतले सामान ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेले आहे. शंका असल्यास पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा. बंदरावर रडारड नको. आणि जे नेता येणार नाही ते हातगाडीवर चढवण्यापूर्वी गावात राहिलेल्या एखाद्या नातेवाइकाला विचारावे. त्याच्या घरी ते पेटीसारखे वापरले जाईल. दुकानाच्या काचेमागे बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.