साक्षीदारांच्या तोंडून

पुरुषाने नेसलेल्या साडीचं मराठी प्रेक्षकाला कधीच वावडं नव्हतं. आमच्या सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईच्या उत्तरार्धात ज्या तमाशाला वैभव दिलं, त्यात स्त्रीवेषातला नाच्या पोऱ्या होताच. पुढे बालगंधर्वांचं नेसणं आणि चालणं पाहून घराघरांतल्या बायका तसं नेसू लागल्या. पुरुषाच्या अंगावरचं बाईपण आपण दोनशे वर्षं कौतुकाने पाहिलं. पण पुरुषाचं पुरुषावर किंवा बाईचं बाईवर प्रेम जडतं, ही गोष्ट मराठी साहित्यात आली ती फार उशिरा, आणि आली तेव्हाही स्वतःच्या पायांनी आली नाही. कुणीतरी तिचा हात धरून तिला आणलं. मराठीतल्या समलिंगी प्रेमाच्या लेखनाकडे पाहताना मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन साहित्याशी तुलना केली की हा उशीर नीट समजतो. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मध्ये (१८५१) इश्माएल आणि क्वीक्वेग एका अंथरुणात झोपतात, आणि त्यांची जवळीक लेखक नवराबायकोच्या उपमेने सांगतो. बेयर्ड टेलरची ‘जोसेफ अँड हिज फ्रेंड’ १८७० ची. हेन्री जेम्सच्या ‘द बोस्टोनियन्स’मध्ये (१८८६) एक बाई दुसरीवर हक्क सांगते आणि एका पुरुषापुढे हरते. तिथेही उघड बोलणं नव्हतंच. मैत्रीच्या नावाखाली बरंच काही मावत होतं इतकंच. आपल्याकडे त्याच सुमारास हरिभाऊ आपटे ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहीत होते. यमू आणि दुर्गी या मैत्रिणींना एकमेकींखेरीज मन मोकळं करायला जागा नाही. मात्र त्या काळच्या मराठी कादंबरीपुढचा प्रश्न बाईने कुणावर प्रेम करावं हा नव्हताच. तिला माणूस म्हणून जगू देणार की नाही, हा होता. त्यामुळे हरिभाऊंना दोष देणं अन्यायाचं होईल. भारतीय दंडविधानातलं ३७७ कलम मात्र १८६२ पासून लागू झालं होतं. साहित्यात गोष्ट येण्याच्या कितीतरी आधी कायद्यात गुन्हा आला.

या विषयावर मराठीत सरळ बोलणारा पहिला मोठा आवाज कथाकाराचा नव्हता. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात र. धों. कर्वे हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देत. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. ही पत्रं लिहिणारे वाचक खरे होते, त्यांची घालमेल खरी होती. त्यांच्यातल्या एखाद्याला नायक करावं असं पुढची चाळीसेक वर्षं आपल्या नामवंत कथाकारांना वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली सुमित्रा, म्हणजेच मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नमाच्या प्रेमात पडते. बालगंधर्वांच्या परंपरेतला वेषपालट तेंडुलकरांनी इथे नेमका उलटा फिरवला. कपडे उतरवल्यावरही भावना उतरत नाही, हे त्यांनी दाखवलं, आणि त्या काळात ते धाडस मोठं होतं. पण गोष्ट सांगतो कोण? बापू. मित्राच्या प्रेमात असलेला, तिची दया येणारा, तिच्या चिठ्ठ्या पोचवणारा बापू. मित्राचं मन आपल्याला त्याच्या समजुतीएवढंच दिसतं, आणि शेवटी तिला मरावं लागतं. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन बायकांची जवळीक आली, तीही अधीक्षिकेपुढची एक अडचण म्हणून. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य कळतं ते आईच्या तोंडून. या सगळ्या कलाकृती प्रामाणिक आहेत, ‘एक माधवबाग’ तर अत्यंत हळवी आहे. तरीही तिन्हींत प्रेम करणारी माणसं बाजूला राहतात आणि त्यांना समजून घेणारा माणूस मधोमध येतो.

ही चौकट सर्वांत ठामपणे मोडली ती सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने (२००६). पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो. तनय आणि अनुजा ही भावंडं दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. अनुजाचं दुःख घरभर होतं, तिच्याभोवती सगळं कुटुंब गोळा होतं. तनयला मात्र रडायलाही कारण सांगता येत नाही. एकाच माणसाने दिलेल्या दोन दुःखांना घरात मिळणारी वेगवेगळी जागा हा या कादंबरीचा खरा विषय आहे. इथे तनय स्वतः बोलतो, म्हणून ती वीस वर्षांनीही शिळी वाटत नाही. याच काळात पुण्यातल्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे ‘पार्टनर’सारखी पुस्तकं लिहीत होते. वाङ्मयीन कसोटीवर ती साधी आहेत, पण एकट्या पडलेल्या मुलाला हाताशी लागेल असं पुस्तक मराठीत असणं हीच मोठी गोष्ट होती.

पण हे सारं पुण्यामुंबईचं झालं. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात काय होतं? इथे नाच्या होता आणि देवीला वाहिलेला, साडी नेसणारा जोगता होता. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरच्या चित्रपटात सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडलेल्या अतुल कुलकर्णींनी नाच्या झालेल्या गुणाचं काम जीव ओतून केलं. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’वरून ‘जोगवा’ झाला. सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या भागाला त्यातलं एकही दृश्य परकं नाही. दोन्ही चित्रपट मला मोलाचे वाटतात, पण दोन्हींमध्ये एक छुपं आश्वासन आहे: काळजी करू नका, हा मुळात पुरुषच आहे. गुणा पैलवान आहे, बायकामुलांचा आहे. ‘जोगवा’तला जोगता तायप्पा सुलीच्या प्रेमात पडतो. साडी नेसलेल्या माणसाबद्दल प्रेक्षकाला कळवळा वाटावा म्हणून त्याचं प्रेम आधी बाईकडे वळवावं लागलं. ज्याचं वळत नाही, त्या नाच्याचं काय? जोगत्याचं काय? तो या गोष्टींच्या कडेलाच राहिला.

सोलापुरात कन्नड अनेक घरांत बोलली जाते, म्हणून शेजारचं उदाहरण इथल्या वाचकाला सांगायलाच हवं. वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा कथासंग्रह २०१३ चा. लेखक बळ्ळारी भागातला, आणि आपण समलिंगी आहोत हे जाहीरपणे सांगणारा. लहान गावातलं बालपण, टवाळी, पुढे शहरातलं एकटेपण हे त्याने आतून लिहिलं. ३७७ कलमाचा जाच ६ सप्टेंबर २०१८ ला संपला, त्याच्या पाच वर्षं आधी.

मराठीत हे आतून सांगणं खेड्यापर्यंत पोचलं ते पडद्यावर. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि जुना सवंगडी बाळ्या पुन्हा भेटतो. चित्रपटात आई आहे, सारं जाणणारी आणि पाठीशी उभी राहणारी. पण कॅमेरा तिच्या समजूतदारपणावर थांबत नाही, तो आनंद आणि बाळ्याजवळ बसतो. कुणी मरत नाही, कुणाला शिक्षा होत नाही. शेळ्या, रानातली सावली, चहा चालतो की नाही असले सुतकाचे नियम यांच्यात त्यांचं प्रेम वाढतं. बाळ्याला इंग्रजी शब्दांची गरज पडत नाही. कथा-कादंबरीने गेल्या पंधरा-वीस वर्षांत करायला हवं होतं ते काम या चित्रपटाने केलं, असं मी जबाबदारीने म्हणतो.

बायकांची बाजू मात्र अजून तेंडुलकरांपाशीच अडली आहे. रवी जाधवांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यात मित्राला जगण्याची उमेद दिली, हे चांगलंच झालं. पण तीही तेंडुलकरांचीच मित्रा, स्वातंत्र्याच्या सुमाराची. बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या एसटीने कॉलेजला येणाऱ्या, एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या, पुढे एकीचं लग्न ठरल्यावर दोघींचंही आयुष्य विस्कटणाऱ्या मुलींची कादंबरी त्यांच्यातल्याच एकीने लिहायला हवी. तिच्यात बापू नको.