खलपात्राची निर्दोष मुक्तता

पौराणिक खलपात्राला अमुक कादंबरीने ‘न्याय दिला’, असे आपल्या समीक्षेत सहज म्हटले जाते. न्यायालयातून उसनी घेतलेली ही परिभाषा तपासण्याजोगी आहे. कारण तिच्यात निकाल आधीच ठरलेला असतो.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) हे याचे सर्वाधिक वाचले गेलेले उदाहरण. कर्ण रूढ अर्थाने खलनायक नव्हे, हे मान्य. तथापि सभापर्वातला कर्ण द्रौपदीला वेश्या ठरवतो आणि तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगतो. त्या क्षणी दुर्योधन आणि तो यांत अंतर उरत नाही. सावंत या अपशब्दांना अवमानित मनाचा उद्रेक मानतात. त्याचे मूळ सूतपुत्र म्हणून सोसलेल्या अवहेलनेत, स्वयंवरातल्या नकारात दाखवले जाते. वाचक हळहळतो, आणि अपराध हे जखमेचे केवळ लक्षण होऊन बसते.

इथे एक गोष्ट विचारात घ्यायला हवी. पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये, म्हणजे ‘मृत्युंजय’च्या आदल्याच वर्षी पूर्ण झाली. त्याआधी १९३३ मध्ये वि. स. सुखटणकरांनी सिद्ध केलेल्या आदिपर्वात द्रौपदीचा तो प्रसिद्ध नकार मूळ संहितेत नाही. तो पाठभेदांत गेला आहे. कादंबरीकाराने या आवृत्तीशी बांधील राहावे, असा आग्रह अर्थातच धरता येणार नाही. परंतु कर्णाचे वकीलपत्र उत्तरकालीन परंपरेनेच घेतलेले दिसते, आणि ज्याला आपण आधुनिक बंड म्हणतो ते पुष्कळ अंशी तिचेच अनुसरण आहे.

सहा निवेदकांच्या या कादंबरीत दुर्योधनालाही स्वतःचे निवेदन मिळाले आहे. त्याची बाजू कोणी सावरत नाही. म्हणूनच तो भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, कर्णाच्या निवेदनापेक्षा कमी अलंकृत आणि अधिक खरा आहे. समीक्षेचे लक्ष मात्र तिकडे फारसे गेले नाही.

देवळाली कॅम्पात बसून हे लिहिताना पंचवटी आठवणे अपरिहार्य आहे. नाशिक हे नाव लोक शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडतात; ‘मृत्युंजय’इतकी घरोघर पोचलेली तिची कादंबरी मात्र मराठीत नाही. तेलुगूत ओल्गा यांच्या ‘विमुक्ता’त (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१५) परित्यक्ता सीता तिला भेटते. विद्रूप झालेल्या शूर्पणखेने तिथे बाग फुलवली आहे. तिला कोणाकडून निकाल नको आहे.

मराठीत कोणी ही कादंबरी लिहायला घेतलीच, तर अरण्यकांडातला मजकूर अवघड आहे. विवाहित लक्ष्मणाला राम अविवाहित म्हणतो, आणि हा परिहास तिला कळला नाही असे वाल्मीकी नोंदवतात. त्याच प्रसंगात ती सीतेला खाण्यासाठी धावून जाते. पहिली गोष्ट ठेवून दुसरी गाळण्याचा मोह मोठा आहे.