घुमट, कौल आणि परंपरा

रायगडावर जगदीश्वराच्या आवारात नवा माणूस हमखास म्हणतो, ‘हे तर मशिदीसारखं दिसतं.’ कारण शिखराच्या जागी घुमट. मग शत्रूला चकवण्यासाठी तसे बांधले, अशी कथा सांगितली जाते. मला तिची गरज वाटत नाही. सतराव्या शतकातल्या दख्खनी गवंड्यांना घुमट येत होता, त्यांनी तो देवळावरही घातला. आकाराला धर्म आपण नंतर चिकटवला.

हीच समजूत आता गडाखाली उलट्या बाजूने भेटते. महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांत मशीद नव्याने बांधायची, म्हणजे सिमेंटचा घुमट आणि उंच मिनार हवेतच. ही ‘परंपरा’ म्हणून सांगितली जाते. कोकणी मुसलमानांच्या जुन्या मशिदी मात्र बहुधा जाड भिंतींच्या, लाकडी खांबांच्या, कौलारू उतरत्या छपराच्या. लांबून वाड्यासारख्या दिसणाऱ्या. मग परंपरा कुठली?

या प्रश्नाचे मोठे उदाहरण तुर्कस्तानात आहे. अंकाऱ्यातील कोजातेपे मशिदीसाठी 1957च्या स्पर्धेत वेदात दालोकाय आणि नेजात तेकेलिओलू यांचा आराखडा निवडला गेला. काँक्रीटच्या पातळ कवचाचा, अगदी नवा. काम सुरूही झाले. पण तो फार आधुनिक असल्याची टीका झाली आणि सोडून द्यावा लागला. त्या जागी सोळाव्या शतकातल्या उस्मानी मशिदींच्या वळणाची वास्तू उभी राहिली, 1987मध्ये पूर्ण झाली. खाली वाहनतळ आणि बाजार, वर जुने घुमट. दालोकाय यांनी 1969मध्ये इस्लामाबादची स्पर्धा जिंकली. तिथली फैसल मशीद 1986मध्ये झाली: आठ बाजूंचे, तंबूसारखे काँक्रीटचे छप्पर, घुमटच नाही.

फैसल मशीद मला श्रेष्ठ वाटते, पण निर्दोष नाही. मारगल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी अरबी वाळवंटातला तंबू, हीदेखील उसनवारीच. तरी दालोकाय यांनी तंबूचा छाप उचलला नाही. खांबांवाचून मोठा समुदाय एका छताखाली कसा बसवायचा, हा प्रश्न त्यांनी नव्याने सोडवला. कोजातेपेने जुने उत्तर उतरवून काढले.

आमच्याकडचा प्रश्न पावसाचा. कौलारू छप्पर हे त्याचे उत्तर होते. ते का टाकले गेले, हेही समजून घेतले पाहिजे. दरवर्षी कौले परतायची कोणी? हात आखातात, सुतार मिळत नाही, वानरे कौले फोडतात. शिवाय परदेशी राबून आणलेल्या पैशाचे चीज गावाला लांबून दिसावे, ही इच्छा कमी प्रतीची नाही. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. देवळांवर रंगीत सिमेंटची शिखरे चढवताना आम्हीही तेच करतो.

माझी तक्रार एवढीच, की कौल उतरवताना त्याची मापे, खांबांवरची नक्षी, वाशांची जोडणी कुणी टिपून ठेवत नाही. मी शिकलेला वास्तुतज्ज्ञ नाही. फीत आणि वही घेऊन जातो, तोवर बऱ्याचदा लाकूड विकले गेलेले असते.

आणि नवा स्लॅब चार पावसाळ्यांत गळू लागला, की त्यावर पत्र्याची उतरती शेड चढते. मशिदीवर, शाळेवर, माझ्या घरावरही. कोकणची परंपरा त्या पत्र्याला ठाऊक आहे. ती आराखड्यातच घेणारा वास्तुकार आम्हाला अजून हवा आहे.